चिपरवाले आप्पा

आप्पा आमच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही. दार उघडं होतं. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, चालू मिक्सरला कान लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हा रडी राहिला. बंद करा."

टोकरखाड्यातल्या या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. दहा मिनिटांत त्यांनी मिक्सर खोलला, साफ केला, जोडला आणि चहा उकळायच्या आत निघूनही गेले.

"कोण हो हे?" बायकोने विचारलं.

"मला वाटलं, तुझ्या ओळखीचे."

पुढे कळलं की ते वरच्या मजल्यावर राहतात आणि अख्ख्या सोसायटीच्या ओळखीचे आहेत. मूळचे अमळनेरकडचे. तीस वर्षं इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात फिटर होते. बायको वारली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. रिटायर झाल्यावर गावी कायमचे म्हणून गेले आणि अकराव्या दिवशी परत आले. "गावात ऐकायचं काय, सर? पिठाची गिरणी एक. तीबी लाइट असली तर."

माणूस एका जागी ठरत नाही. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात टेकून उभे. बोलताना एक डोळा आपल्या पंख्यावर. तुम्ही मुलाच्या परीक्षेचं सांगत असता आणि मधेच, "हा पंखा डावीकडे मान टाकी राहिला, बरं का!"

अशा माणसाच्या हाती जवळच्याच सामरवरणीच्या एका फार्महाऊसवरून जुना चिपर आला. कमरेएवढं पेट्रोलचं यंत्र. एका तोंडाने फांद्या घालायच्या, दुसरीकडून चुरा पडतो. आधी आमच्याकडे झाडं छाटली की फांद्या कोपऱ्यावर पेटवून द्यायचे आणि दोन दिवस सगळे खोकत बसायचे. आता आप्पांना बोलावतात. म्हणजे बोलवावं लागत नाही. कुठे करवतीचा आवाज आला की आप्पा टेम्पोत यंत्र टाकून हजर.

त्यांचा पहिला नियम, "बूड पहिले, शेंडा मागून." फांदीचा जाड भाग आधी यंत्रात गेला की पाला आपोआप दबून मागोमाग जातो. शेंडा आधी घातला तर तोंडाशी अडतो. हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. वार्षिक सभेत उभा राहिलो, "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, आजच्या या—"

"सर, बूड पहिले!"

"टाकी गळतेय."

"हां. बरोबर शे," आप्पा म्हणाले.

सभा सात मिनिटांत संपली. मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवतोय. माझं भाषण इतकं छोटं कुणी केलं नव्हतं.

दुसरा नियम चुऱ्याचा. दर थोड्या वेळाने आप्पा मूठभर चुरा हातावर घेऊन बघतात. पोह्यांसारखा सुटा पडला तर ब्लेडला धार आहे. शेवयांसारखा पिंजून पडला तर काम तिथल्या तिथे बंद. एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्यासमोर अर्धा आंबा रस्त्यात आडवा टाकून ते घरी गेले. डॉक्टर मागून ओरडत होते, "अहो, माझी गाडी आत अडकलीय!" आप्पांनी वळूनही पाहिलं नाही. "शेवया पडल्या," एवढंच म्हणाले. धार लावून परत यायला त्यांना दीड तास लागला. पेशंट फाटकाबाहेर ताटकळत होते.

आणि तिसरा नियम, "टोपी खिशात, मगच हात तोंडात." यंत्र अडकलं तर इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लगची टोपी काढायची आणि मगच आत हात घालायचा. टोपी ते खरोखरच सदऱ्याच्या खिशात ठेवत.

हा नियम मी मोडला.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आवारातल्या मोठ्या झाडाची फांदी तारांना घासत होती म्हणून छाटली होती. चार वाजता तिथेच बायकांचं हळदीकुंकू. खुर्च्या फाटकाशी येऊन पडलेल्या. माझी बायको गच्चीवरून घड्याळ दाखवत होती. अशात यंत्र अडकलं. फांदीला गुळवेल गुंडाळलेली होती, तिचा बोळा तोंडाशी बसला. "थांबा, दांडा आणतो," म्हणून आप्पा टेम्पोकडे वळले. दांड्याने लांबूनच ढकलायचं होतं, म्हणून इंजिन चालूच होतं. मला वाटलं, एवढासा बोळा. जरा रेटला की झालं.

माझा हात कोपरापर्यंत आत गेला असेल. आप्पांनी इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं आणि लगेच गालावर अशी थप्पड बसली की चष्मा चुऱ्यात जाऊन पडला.

सगळं आवार बघत होतं. गच्चीवर बायको, फाटकाशी खुर्चीवाले, आणि कहर म्हणजे माझ्याच वर्गातल्या दोन मुली. इतक्या वर्षांत थपडांची दिशा नेहमी माझ्याकडून समोर अशी असायची, तीही हल्ली बंद झालेली.

"टोपी!" आप्पा एवढंच म्हणाले. मग यंत्र तिथेच सोडून वर निघून गेले.

तीन दिवस ते कुणाला दिसले नाहीत. पाण्याचा पंप कण्हायला लागला, लिफ्ट करकरायला लागली, कुणी आलं नाही. तेवढे दिवस मी मात्र भाषण तयार करत होतो. रविवारी सकाळी वर गेलो. आप्पा चपला घालून दाराला कुलूप लावत होते.

"आप्पा, माझं एवढंच म्हणणं आहे की, चारचौघांत एका शिक्षकाला, कारण काहीही असो—"

त्यांनी मला अडवलं नाही. सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "सर, मला माफी मागता येत नाही. स्कूटर काढा. नरोलीला जायचंय."

नरोलीत कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती. शेवटच्या खोलीबाहेर पन्नाशीचा एक माणूस पायरीवर ऊन खात बसला होता. त्याचा उजवा हात कोपराखाली नव्हता. "हा देवराम. आमच्याच गावचा," आप्पा म्हणाले. "देवराम, हे सर. यांना मी मारलं."

"का?"

"चालू मशीनमध्ये हात घातला."

देवरामने माझ्याकडे नीट पाहिलं. "जोरात लागली का?"

"लागली," मी म्हणालो.

"बरं झालं."

मग त्यानेच सांगितलं. कारखान्यात तो आणि आप्पा एकाच पाळीला होते. धागा अडकला. शिफ्ट सुटायची घाई, म्हणून त्याने मशीन बंद न करताच हात घातला. "आप्पा माझ्यापासून चार पावलांवर होते."

"हाक मारली मी," आप्पा म्हणाले. ते देवरामकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "देवराम, देवराम, अशी दोनदा हाक मारली. तेवढ्या आवाजात कुणाला ऐकू जातं, सर? चार पावलं होती फक्त. पळत जाऊन एक ठेवून द्यायला पाहिजे होती. मी हाक मारत बसलो."

देवराम म्हणाला, "झालं आता आप्पा. बारा वर्षं झाली. काढा ते."

आप्पांनी खिशातून नेलकटर काढलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. देवरामने डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. एकच हात उरला की त्याची नखं स्वतःला कापता येत नाहीत, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"दर रविवारी येतात," देवराम म्हणाला. "मी म्हणतो, नखं एवढी वाढत नाहीत हो! ऐकत नाहीत."

"हात हलवू नको," आप्पा म्हणाले.

अंगठा झाला. पहिलं बोट झालं. प्रत्येक नख कापून झालं की आप्पा त्याच्या कडेवरून आपलं बोट फिरवून बघत होते, कुठे बोचत तर नाही ना. शेवटी देवरामने न सांगताच करंगळी पुढे केली.