विटेला भूक लागते का?

शाळेत गरोदर बाई दिसली की डिसोझा सर दोन नमस्कार करत. एक तिला, दुसरा जरा वाकून तिच्या पोटाला. "आणि तुमी? बरे आसास मा?" आमच्या परब बाई लाजून पदर सावरत. "उत्तर देता तां पोर," सर म्हणत, "तुमकाच आयकाक येणा नाय!"

पंच्याऐंशीच्या सुमारास कट्टा गावच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. पेशी म्हणजे शरीराची वीट, असं पुस्तकात होतं. त्या ओळीशी आले की ते भडकत आणि पुस्तकी मराठी सुटून जाई. "विटेक भूक लागता? वीट शेजारच्या विटेक हाक मारता? पेशी मारता!" मग फळ्यावर एक वर्तुळ, दोन, चार, आठ, फळा संपेपर्यंत. "ह्यात 'मी' कधी इलो? आठव्या पेशीक? आठ लाखाव्या? कोणाकच म्हायत नाय. मगे तारीख सांगणारो तू कोण?"

पोरांनी कसलीच तारीख सांगितलेली नसे. तरी वर्ग गुन्हेगारासारखा गप्प.

मी पर्यवेक्षक होतो. 'डिसोझा अभ्यासक्रम सोडून बोलतात' असं मुख्याध्यापकांना लिहून दिलं. ते खरंच होतं. पण लिहिलं, ते माझ्या तासाला पोरं जांभया देत म्हणून. सरांचा दहावीचा वर्ग गेला.

"वीट जिकली!" ते शिक्षकांच्या खोलीत गरजले. "कोणी केल्यान ह्या?"

मी हजेरीपटात मान घातली.

रविवारी सकाळी कबुली द्यायला त्यांच्या घरी निघालो. वाटेत दफनभूमीच्या दगडी गडग्याबाहेर ते गवत उपटताना दिसले. गवतात हातभर जांभा दगड होता.

"माजां चेडू, माजी लेक," ते म्हणाले. "सातव्या महिन्यात पोटातच गेलां. बाप्तिस्मो नाय, म्हणान गडग्याभायर. तेवीस वर्सां झाली. माजो आवाज आयकलो काय आवशीच्या पोटात लाथ मारी. आणि माका सांगतत, तां अजून कोण नाय होतां!"

"सर, ते पत्र मी लिहिलं."

ते गवत उपटत राहिले. हात झटकून दगडापाशी वाकले आणि परब बाईंच्या पोटाशी बोलत तशाच आवाजात म्हणाले, "चेडवा, हे आमचे सामंत सर. मराठी शिकवतत."

मग माझ्याकडे बघत राहिले.

मी वाकलो. काय विचारायचं ते मला पाठ होतं.