पेशा : एक उभी रेघ

"नगर जिल्ह्यात गुन्हे होत नाहीत, याला कारण मी," अशी गुप्तहेर श्रीमंतराव खर्डेकर स्वतःची ओळख करून देतात. "आणि झालेच, तर लोक मला कळवायला धजत नाहीत."

न कळवण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या साली घोडेगावच्या बाजारात हरवलेला बैल त्यांनी तीन दिवस शोधला. बैल पहिल्याच संध्याकाळी गोठ्यात परतला होता. ते यांना सांगायचं राहिलं, कारण तोवर हेच सापडेनात.

मी राधाकृष्ण, त्यांचा सहायक. मूळचा शिंपी. त्यांचा अकरा खिशांचा लांब कोट मी शिवला आणि तिथून माझ्यामागे ही साडेसाती लागली.

हे प्रकरण एकोणीसशे सेहेचाळीस सालच्या मे महिन्यातलं. योहान मास्तरांची दीना आणि कृपादानांचा आमोस यांची मनं जुळली होती. अडून बसले होते ते कृपादान. पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क, आणि तोंडी एकच पालुपद. "आमच्या आजोबांच्या हातात अख्ख्या रस्त्याचं काम होतं. तुमचे आजोबा कोण होते? रविवारपर्यंत कागद दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो."

मास्तरांनी ख्रिस्ती देवळाच्या कारकुनाला चिठ्ठी पाठवून आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा मागवला. सही-शिक्क्यानिशी आला. 'नाव : दादू. गाव : घोडेगाव. पेशा :' आणि पुढे एक उभी रेघ. मास्तर घाबरले. घाबरलेला माणूस करू नये ते करतो. त्यांनी श्रीमंतरावांना बोलावलं.

श्रीमंतरावांनी भिंग काढलं. रेघ वरून पाहिली, खालून पाहिली, कागदाचा वास घेतला.

"भाला!" ते म्हणाले. "तुमचे आजोबा भालदार होते, मास्तर."

"कोणाचे?"

"ते भाला सापडल्यावर कळेल."

भाला शोधायला आम्ही खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत गेलो. मे महिना, अंगात कोट. भाला मिळाला नाही, बाभळीचा काटा मिळाला. तो मी त्यांच्या टाचेतून काढला.

परतताना त्यांना दुसरा साक्षात्कार झाला. रेघ म्हणजे ओठांवर ठेवलेलं बोट, म्हणजे दादू आपल्याच धंद्यातले, गुप्तहेर! मी सुचवलं, "एकदा मूळ पुस्तक बघू या का?"

"पुस्तक बघणं हे कारकुनाचं काम, राधाकृष्ण. गुप्तहेर अनुमान काढतो."

शनिवारी कृपादान मास्तरांच्या घरी आले आणि नेमकं त्यांच्यासमोर श्रीमंतरावांनी तिसरं अनुमान काढलं. "ही रेघ तुरुंगाचा गज आहे. पेशा सांगण्यासारखाच नव्हता!"

कृपादानांनी टोपी उचलली. दीनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खणखणीत होता. "काका, देवळापर्यंत चला. पुस्तक बघा आणि मग खुशाल लग्न मोडा."

कारकुनानं कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळाचं पान. दीनानं दादूच्या रेघेवर बोट ठेवलं आणि वर सरकवलं. रेघ संपेना. ती एका आंधळ्या म्हातारीवरून गेली, बारा दिवसांच्या बाळावरून गेली आणि पानाच्या माथ्यावर जाऊन थांबली. तिथं लिहिलं होतं : 'नाव : सटवाजी. पेशा : दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडणे.'

"एका दिवसात बेचाळीस बाप्तिस्मे," कारकून म्हणाला. "वर एकदा लिहायचं, खाली रेघ ओढायची. आम्ही अजून तसंच करतो."

"मग उताऱ्यात?" मी विचारलं.

"रेघ होती, रेघ दिली. मक्षिकास्थाने मक्षिका."

"सटवाजी कोण?" मास्तरांनी विचारलं.

कृपादानांचा चेहरा उतरला आणि हेडक्लार्कची भाषाही. "आमचा आजा. पर ह्ये कसं हुईल? रस्ता त्येच्या हातात हुता..."

"होताच की," दीना म्हणाली. "हातोड्यासकट. आता बारा दिवसांचं बाळ काही खडी फोडत नाही, काका. म्हणजे रेघेवर भरवसा नाही. आमचे दादू कोणीही असतील, सरदारसुद्धा. तुमच्याकडचं मात्र अक्षरात लिहिलंय."

"न्हाई न्हाई!" कृपादान कळवळले. "रेघ एकच हाय! दोगांनी एकाच ढिगावर खडी फोडली, मी सांगतो! आपली घरानी बरोबरीची हायेत!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "खडी फोडली म्हणून त्या साली जगले," ते म्हणाले. "म्हणून आज आपण आहोत. मला याहून मोठा पेशा नको."

कृपादानांनी मान खाली घातली आणि मग मास्तरांचा हात धरला. लग्न ठरलं. श्रीमंतराव म्हणाले, "माझंही अनुमान तेच होतं. हातोड्याचा दांडा."

लग्नात आम्ही दोघे साक्षीदार होतो. श्रीमंतराव अकरा खिशांत पेन शोधत राहिले, म्हणून पहिली सही माझी झाली. कारकुनानं माझ्या नावापुढे 'शिवणकाम' असं लिहिलं. मग त्याखाली यांचं नाव लिहिलं आणि पेशाच्या रकान्यात सवयीनं उभी रेघ ओढली.

"माझा पेशा नीट नोंदवलात ना?" श्रीमंतरावांनी छाती काढून विचारलं.

"अगदी नीट," कारकून म्हणाला.

मी रेघ पाहिली आणि तशीच राहू दिली. पुढे त्यांचा एखादा नातू पुस्तक उघडून बघेल, तेव्हा आपल्या आजोबांना काहीतरी काम येत होतं, असं तरी त्याला वाटेल.