सोबत्याचं तिकीट मोफत

मी कचेरीत आवक-जावक कारकून आहे. बायको दवाखान्यांत सोनोग्राफीची मशिनं बसवते. आज या शहरात, परवा त्या. (कचेरीत मी आवक आणि जावक दोन्ही बघतो. घरी मात्र नुसती जावकच.) ती नसतानाही दोन कप विसळायची माझी सवय काही जात नाही.

एका रविवारी ठरवलं, एवढी उडते तर हिच्यासाठी विमानाचे पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड घेऊ. तीन बँकांची माहितीपत्रकं टेबलावर पसरली, फूटपट्टीने रकाने आखले. पहिल्या कार्डावर पॉइंट भरपूर, पण वार्षिक फी वाचूनच घाम फुटला. दुसऱ्यावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट जेवण. म्हणजे ती घरी दोन घास खाते, तेही बंद! तिसऱ्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वर्षात तीस उड्डाणं केल्यास सोबत्याचं तिकीट मोफत.'

सोबती! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हा हुद्दा मला कुणी दिला नव्हता. तेच कार्ड घेतलं.

दहा महिन्यांनी तिला फोन केला. "अगं, तुझी किती झाली?"

"काय किती?"

"उड्डाणं!"

"बावीस. का रे?"

"मोफत तिकिटाला आठ कमी पडतायत. थेट विमानाने येऊ-जाऊ नकोस. मध्येच कुठेतरी उतर आणि दुसरं पकड."

"अरे, रात्र मध्येच काढावी लागेल, पंधरा तास जास्त लागतील."

"लागू देत. आपल्यासाठीच ना?"

बिचारीने ऐकलं. पूर्वी महिन्यातून एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचायची, ती आता शनिवारी दुपारी यायला लागली. रविवारी पहाटे पुन्हा बॅग. जिला जवळ आणायला कार्ड घेतलं, तिला मीच आणखी लांब धाडत होतो.

एकदाचं तिकीट आलं. तिने आठ दिवस रजा टाकली. मी नवे बूट घेतले, पाच ठिकाणांची यादी केली. ती आली, बॅग दाराशीच टेकवली, यादी वाचली.

"चिडणार नाहीस ना?"

"छे!"

"मला इथेच राहायचंय रे. वर्षभर या घरात मी नुसती कपडे बदलायला येतेय."

'तिकीट वाया जाईल' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. (वर्षभरातलं माझं एकमेव शहाणपण.)

दुपारी जेवून दोघं आडवी झालो. किती महिन्यांनी शेजारच्या उशीवर निवांत डोकं होतं! तिचा हात हातात घेतला आणि सुखाने माझा डोळा लागला.

थोड्या वेळाने दंडावर टकटक झाली. बघतो तर बायको डोळे मिटूनच, भलत्याच अदबीने बोलत होती, "एक्सक्यूज मी, मला दुसरी सीट मिळेल का? हे शेजारचे काका फार घोरतात."