रुपरावांचं बिनकटकटीचं मशीन

पाटबंधारे ऑफिसातले हेडक्लार्क रुपराव साधा कंदील घ्यायचा तरी त्याची खातेनिहाय चौकशी लावत! त्यामुळे बायकोचे, प्रमोदिनीबाईंचे, गुडघे धरले तेव्हा रुपरावांनी ठणकावून सांगितलं, "आजपासून या घरात झाडू बंद! धूळ ओढाचं मशीन आणतो. पण असं, की त्याच्या मागं मले काहीच करा लागणार नाही!"

साल शहाऐंशी. टाय लावलेले सेल्समन सक्करदऱ्यात दारोदार फिरत होते. पहिला म्हणाला, जाळी दर आठवड्याला धुवा. त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. दुसरा म्हणाला, आतली पिशवी पंधरा दिवसांनी झटका. तो अर्ध्या चहावरून उठला. तिसरा मात्र माणूस ओळखणारा! "साहेब, फक्त बटन दाबायचं!" त्याला चहा, पोहे आणि ऑर्डर, तिन्ही मिळालं. निघताना तो पिशवीबद्दल काहीतरी सांगत होता, पण रुपरावांनी तोवर बटन दाबलं होतं. त्या घरघरीत कोण कुणाचं ऐकणार!

तीन महिने मशीन चाललं. कुणी ते उघडलं नाही, पुसलं नाही. रुपरावांनी कुही गावच्या मेव्हण्याला, शालिकरामला, पत्र टाकलं : 'मशीन बघायले या.'

शालिकराम यायच्या आदल्या दिवशी प्रमोदिनीबाईंच्या हातून तिखटाचा डबा निसटला. नवं, भिवापुरी, जाळ तिखट! त्या झाडू शोधू लागल्या.

"हात नको लावू वं!" रुपराव नळी घेऊन धावले. दोन मिनिटांत फरशी लख्ख.

"अहो, आत अडकलं नसंल ना?"

"मशीन आहे ते! तुह्या चाळणीसारखं नाही!"

दुसऱ्या दिवशी शालिकराम ऐटीत खुर्चीवर बसला. रुपरावांनी सतरंजीवर नळी ठेवून बटन दाबलं. मशीन म्हातारा बैल उठताना कण्हतो तसं कण्हलं, आणि कागदाचा कपटाही उचलेना.

"भाऊजी, हे काहून ओढून नाही राहिलं?"

"नळी चोंदली असंल. तुम्ही फक्त पाहा!"

मशीनला मागच्या बाजूनं हवा फेकायचंही भोक होतं. रुपरावांनी नळी काढून तिथं बसवली, तोंड शालिकरामच्या दिशेनं धरलं आणि पुन्हा बटन दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग 'फट्' असा आवाज झाला!

नळीतला बोळा शालिकरामच्या छातीवर बसला आणि पाठोपाठ तिखट सुटलं. आत फुगलेली पिशवीही फाटली आणि तीन महिन्यांची धूळ घरभर उडाली. शालिकरामचं पांढरं धोतर विटकरी झालं. रुपरावांना बटन दिसेना, कारण डोळेच उघडेनात. तिघंही शिंकत, ठेचकाळत अंगणात आले. मागून खिडकीतून लाल ढग बाहेर पडला.

समोरच्या घरातले मधुकरराव खोकत ओरडले, "अश्रुधूर सोडला पोलिसायनं! पोट्टे घरात घ्या!" पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीची दारं बंद. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं शटर ओढलं. पलीकडच्या गल्लीत तर कर्फ्यू लागल्याचीही बातमी पोचली!

शेवटी प्रमोदिनीबाईंनीच तोंडाला पदर बांधून आत जाऊन मेन स्विच बंद केला. ढग हळूहळू खाली बसला. शालिकरामनं हौदावर तोंड धुतलं, डोळे चोळले आणि उंबरठ्यातून बराच वेळ मशीनकडे पाहिलं. रुपराव त्याच्या हसण्याची वाट पाहत मान खाली घालून उभे होते.

पण शालिकराम हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, हे मले द्या! वावरात वानरं लय माजले. विहिरीवर पाण्याच्या मोटारीची लाईट आहेच, तिथंच लावून त्यायच्यावर तिखट सोडतो."

रुपरावांची मान जरा वर आली. तेवढ्यात प्रमोदिनीबाई पदर सोडत शांतपणे म्हणाल्या, "घेऊन जा दादा. अन् चालवणाऱ्यालेही संगं घेऊन जा!"

रुपरावांनी सणसणीत उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आली ती शिंकच!