अठ्ठाविसावा खडक

"या वर्षी पहिली ओळ आपल्या घरात येणार म्हणजे येणार! लिहून ठेव!" मास्तरांनी इंची टेप गळ्यात अडकवत जाहीर केलं.

"कुठे लिहून ठेवू? किराणाच्या यादीखाली?" बायकोने विचारलं.

मास्तर शाळेतले नव्हेत. शिवणारे मास्तर. खाली दुकान, वर घर, आणि चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर बेतून चढवलेले कोट. गावातल्या निम्म्या पोटांचा घेर त्यांना तोंडपाठ होता आणि त्यांनी तो कधी कुणाला सांगितला नव्हता. असा हा सरळ माणूस. पण शरद ऋतू लागला की तो बिघडायचा.

कारण होतं किनाऱ्यावरचं पक्षिमित्र मंडळ. मंडळाची खडकांसमोर एक लाकडी खोली होती. खोलीत एक दुर्बीण, एक बाक आणि एक निळी वही. शरदात उत्तरेकडून थव्याथव्याने पक्षी येतात, त्यांत मंडळाचा लाडका एकच. साळुंकीएवढा, केशरी पायांचा, पाठीवर काळे-तपकिरी ठिपके. चोचीने खडे नि शेवाळ उलटं करून खालचे किडे खातो. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण मंडळात सगळे त्याला दगडपालट्या म्हणत. हंगामातला पहिला दगडपालट्या जो पाहील, त्याचं नाव वहीच्या पहिल्या ओळीत, तेही लाल शाईने. बाकी सगळं वर्ष निळ्या शाईत.

गेल्या अकरा वर्षांत मास्तरांचं नाव लाल शाईत एकदाही आलं नव्हतं. आणि नऊ वेळा ज्याचं आलं होतं, तो त्यांचा सख्खा मेहुणा होता!

मेहुणा दातांचा डॉक्टर. बायकोचा थोरला भाऊ. माणूस लाखमोलाचा, पण पहिल्या ओळीची गोष्ट तो लग्नात सांगे, बारशाला सांगे, दवाखान्यात पेशंटला सांगे. पेशंटचं तोंड उघडं असल्याने त्याला 'पुरे' म्हणायची सोय नसे. घरच्या जेवणात तर हमखास विचारायचा, "काय जावईबापू, यंदा कितवी ओळ?"

मास्तर पानात बघून म्हणायचे, "तिसरी."

एका वर्षी दाट धुक्यात मेहुण्याने नुसत्या आवाजावरून पहिला नंबर लावला होता. तेव्हा मात्र मास्तर बाकावर मूठ आपटून उभे राहिले होते. "हे चालणार नाही! डोळ्यांनी पाहिला पाहिजे! ऐकलेला नाही, वाटलेला नाही, कुणी सांगितलेला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो खरा!" वही सांभाळणाऱ्या बाईंनी हा नियम पहिल्या पानावर लिहिला आणि खाली मास्तरांची सही घेतली. बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्यापुढे दातांचा डॉक्टरसुद्धा तोंड मिटून बसायचा.

तर यंदा मास्तरांनी डोकं लढवलं. पक्षी माणसाला बघून बुजतो, खडकाला बघून बुजत नाही. मग आपणच खडक झालो तर? आणि खडक शिवायचा म्हटलं, तर आपल्याहून चांगला कोण शिवणार?

कापड शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. दिवाणखान्यातला पडदा अगदी ओल्या खडकाच्या रंगाचा होता. "पडदा धुवायला दिलाय," असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कात्री चालवली. पाठीला कापूस भरून उंचवटे केले. कोटाला देतात तसलं अस्तर आतून दिलं. मग किनाऱ्यावरून खरंखुरं शेवाळ आणून, दाभणाने एकेक झुबका टाचून बसवला. दुकानात आठवडाभर असा वास होता की नवा कोट न्यायला आलेल्या वकिलाने तो दोनदा हुंगून विचारलं, "मास्तर, हा लोकरीचाच ना?"

बाह्या त्यांनी ठेवल्या नाहीत. खडकाला हात कुठे असतात? चेन पाठीला लावली, कारण पुढे लावली असती तर फिटिंग बिघडलं असतं! डोळ्यांसाठी बोटभर रुंदीची फट ठेवली, बरोबर मापाने. आरशासमोर उभं राहून पाहिलं, आणि त्यांना आपल्याच कारागिरीने भरून आलं. इतका देखणा खडक निसर्गालाही जमला नसता!

रविवारी उजाडता उजाडता मास्तर किनाऱ्यावर पोहोचले. ओहोटी होती. खोलीपासून दीडेकशे पावलांवर, खडकांच्या रांगेत एक मोकळी जागा होती. मास्तर आत शिरले. चेनीची दोरी त्यांनी मोठ्या हुशारीने खांद्यावरून आत घेतली होती. ती ओढली. चेन वरपर्यंत गेली आणि दोरी तुटून हातात आली.

"असू दे," मास्तर म्हणाले, "पुढचं पुढे बघू." आणि ते पालथे पडले.

पडले मात्र, समोर अंधार! चाळीस वर्षं या माणसाने उभ्या माणसांची मापं घेतली होती. हेही माप त्यांनी उभ्यानेच घेतलं होतं. आडवं झाल्यावर सगळा खडक वीतभर वर सरकला आणि डोळ्यांची फट कपाळावर गेली. हनुवटी छातीला टेकवून, भुवया ताणून बघितलं, तेव्हा कुठे त्यांना हातभर वाळू दिसली. वाळूवर एक रिकामा शिंपला होता. बाकी समुद्र, आकाश आणि उत्तर दिशा, सगळं कपाळाच्या वाट्याला आलं होतं!

फट खाली ओढायला हात हवे होते, आणि हात होते आत, पोटाशी, घरून आणलेल्या दुर्बिणीसकट. फिटिंग इतकं चोख की कोपर हलेना. उठावं म्हटलं तर चेन पाठीला! गिऱ्हाइकाने असा कोट आणून दाखवला असता, तर मास्तरांनी शिवणाऱ्याचं नाव विचारून त्याला चार शब्द सुनावले असते.

अर्धा तास ते शिंपल्याकडे बघत पडून राहिले. मग शेवाळातल्या किड्यांना जाग आली. मानेवरून एक गेला, पाठीवरून दोन. खाज सुटली, पण खडक खाजवत नाही! एक कुत्रा आला, त्याने सगळीकडून हुंगलं, आणि खडकाशी कुत्रे जे करतात ते केलं. मास्तर तरीही हलले नाहीत. फक्त मनातल्या मनात कुत्र्याच्या मालकाचं माप काढलं.

आणि मग पाठीवर काहीतरी टुपकन उतरलं. अगदी हलकं. पुढे दोन पावलं, मागे एक पाऊल. पाठोपाठ टोच! एक झुबका उचकटला गेला. पुन्हा टोच!

'खेकडा,' मास्तरांना वाटलं, 'नाहीतर त्या कुत्र्याचं पिल्लू.'

टोचणं चालूच राहिलं. काही वेळाने मागून, दहा पावलांवरून, दबकी कुजबुज ऐकू आली. पहिला आवाज मेहुण्याचा होता.

"दगडपालट्या! बाई, दगडपालट्याच! केशरी पाय बघा!"

कुठे? कुठे आहे? मास्तरांनी डोळे फिरवले. वाळू. शिंपला. त्यांनी जरा मान वळवली.

"अहो, खडक हलला!" मेहुणा म्हणाला.

"खडक हलत नसतो," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. पण कालपर्यंत इथे सत्तावीस खडक होते. हा अठ्ठाविसावा कुठून आला, तेच मी सकाळपासून बघतेय."

"हा हलतो," तिसरा आवाज आला. "आणि झोपला की घोरतोही. मघापासून सांगतेय ना, तो माझा पडदा आहे!"

बायको! मास्तरांना खडकाच्या आत घाम फुटला. वकील कोट बदलून घ्यायला दुकानात आले होते. दुकान बंद बघून बायकोने किल्लीने उघडलं, तर कटाईच्या टेबलावर पडद्याच्या अकरा कड्या मांडलेल्या. कड्या मुठीत घेऊन ती तडक खोलीवर आली होती. अकरा वर्षांत ती किनाऱ्यावर आली ती ही पहिलीच वेळ. 'पक्षी काय, गॅलरीतून दिसतात,' असं तिचं म्हणणं.

"अहो!" तिने हाक मारली.

"हळू!" बाई आणि मेहुणा एकदम कुजबुजले. "उडेल!"

"कोण उडेल? तो पक्षी?"

"दगडपालट्या! भावोजी, हलू नका!" मेहुणा म्हणाला. "तो तुमच्या पाठीवर बसलाय!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो पाठीवर बसून आपल्याच पडद्याचे झुबके उलटे करतोय, आणि आपण बघतोय शिंपला! मास्तरांना रडावंसं वाटलं. मान फिरवली तर पक्षी उडेल. नाही फिरवली तर दिसणार नाही. त्यात भरती लागली होती. पहिली लाट आली ती हनुवटीला चाटून गेली, दुसरी छातीपर्यंत आली, आणि मांजरपाटाच्या अस्तराने पाणी मनसोक्त पिऊन घेतलं.

'उठावं झालं,' त्यांनी ठरवलं. 'निदान उडताना तरी दिसेल.'

तेवढ्यात बायको बोलली, पण तिचा आवाज निराळाच होता. असा आवाज त्यांनी फार वर्षांत ऐकला नव्हता.

"अगं बाई! केवढासा आहे हा! दादा, बघ ना, पाय कसे रंगवल्यासारखे! हा एवढासा जीव समुद्र ओलांडून आला?"

"हजारो मैल," बाई म्हणाल्या.

"आणि आमच्या पडद्यावर बसला..."

मास्तर उठले नाहीत. पाणी कमरेला आलं, दुर्बीण भिजली, शिंपला वाहून गेला, नाकात खारं पाणी शिरलं, तरी ते उठले नाहीत. पाठीवर टुकटुक चालू होती आणि मागे बायको लहान मुलीसारखी हसत होती. खरं सांगायचं तर मास्तरांना ते आवडत होतं. चांगली दहा मिनिटं ते तसेच पडून राहिले. पण शिंक काही माणसाच्या हातात नसते.

शिंक आली. खडक सगळाच्या सगळा उडाला!

फुर्रर्र! मास्तरांनी मान वर केली, फटीतून बघायला जीव एकवटला, आणि नेमकी त्याच क्षणी एक लाट येऊन तोंडावर आपटली.

"गेला," मेहुणा म्हणाला. "छान दिसला पण!"

तिघांनी मिळून मास्तरांना ओढत वर आणलं. चेन मिठाने अडकली होती. मेहुण्याने एक पाय खडकाला लावला, दोन्ही हातांनी चेन धरली आणि सवयीने म्हणाला, "जरा दुखेल हं."

खोलीत आल्यावर बाईंनी निळी वही उघडली आणि लाल पेनाचं टोपण काढलं. मास्तर चादरीत गुंडाळून बाकावर बसले होते. त्यांच्या केसांतून शेवाळ लोंबत होतं.

मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "बाई, पहिली ओळ भावोजींची लिहा. माणूस बुडत होता, पण हलला नाही. मी नऊ वेळा लिहून घेतलंय, मला पुरे झालं."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. अकरा वर्षांत हा माणूस त्यांना इतका चांगला कधीच वाटला नव्हता.

बाईंनी वहीचं पहिलं पान उलटून समोर धरलं. 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो खरा.' खाली सही, ठसठशीत.

"मास्तर, तुम्ही पाहिला?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता.

"नाही," ते म्हणाले. "शिंपला पाहिला."

"मग राहिलो मीच," मेहुणा हळहळत म्हणाला, पण छाती जरा पुढे आलीच. "आता माझा इलाज नाही. दहावी वेळ!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "ओळखला तुम्ही. पण पाहिला कुणी आधी? वहिनी आल्या, दुर्बिणीला डोळा लावला आणि काय म्हणाल्या?"

"मी?" बायको गोंधळली. "मी म्हटलं, तो बघा माझा पडदा, आणि त्यावर कुठलातरी पक्षी बसून तो उसवतोय!"

"तेव्हा डॉक्टर कुठे बघत होते?"

मेहुणा पुटपुटला, "मी डबा उघडत होतो."

बाईंनी लाल शाईने लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर वही सगळ्यांपुढे फिरवली.

'हंगामातील पहिला दगडपालट्या. पाहणाऱ्या: वहिनी. ठिकाण: दिवाणखान्याचा पडदा. शेरा: मास्तर पडद्याखाली होते.'

पुढच्या रविवारी मेहुणा जेवायला आला, तेव्हा वाढता वाढता बायकोने पहिल्या ओळीची गोष्ट सांगितली. मग आमटी वाढताना पुन्हा सांगितली. मेहुणा पानात बघत होता. खिडकीला पडदा परत लागला होता, मधोमध एक बोटभर फट ठेवून.

मास्तर मात्र खुशीत होते. या वर्षी पहिली ओळ आपल्या घरात येणार, असं त्यांनी सांगितलं होतं की नाही? आली! आणि शेरा जरी शेवटी असला, तरी त्यांनी चष्मा लावून तीनदा खात्री करून घेतली होती. शेरासुद्धा लाल शाईतच होता.