श्रीमंतांच्या सरकत्या गाड्याची आणि आत्यासाहेबांच्या बुधलीची हकीकत

श्री. कोणतेही यंत्र जोडिले असता शेवटी जो एक स्क्रू हाती उरतो, तो कोठला हे ज्या एकास ठाऊक, त्या जगन्नियंत्यास साष्टांग नमन करोन हकीकत लिहिली जाते ती येणेप्रमाणे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, भाद्रपद मास, शुद्ध पक्ष. ते समयीं तिसऱ्या मजल्याच्या राज्यावर श्रीमंत निनादराव यांचा अंमल होता. राज्य म्हणजे दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, आणि सज्ज्यावर खरा अंमल कबुतरांचा. राज्याचा कारभार श्रीमंतांचे कुटुंब केतकीबाईसाहेब पाहात, आणि राज्यात वडीलधारे माणूस एकच, श्रीमंतांच्या आत्यासाहेब यमुनाबाई. यांनी चाळीस वर्षे शिलाईयंत्र चालविले आणि अर्ध्या शहराची झबली-परकर शिविले, आणि श्रीमंत पाच वर्षांचे असता मातोश्री निवर्तल्या, तेव्हांपासोन त्यांस वाढविलेही यांनीच. आत्यासाहेबांपाशी लांब चोचीची पितळी बुधली होती, तीत मशीनचे तेल असे, आणि राज्यात जे जे करकरे, मग ते दार असो, पंखा असो वा शेजारच्या टिपणीसकाकांचा गुडघा असो, त्यावर त्या दोन थेंब सोडीत. गुडघ्यास गुण आला नाही, बाकी सर्वांस आला.

मग श्रीमंतांचे मनात आले कीं आपणही काही निर्माण करावे. आणि त्यांनी परमुलखाहून एक पेटारा आणविला, त्यात मेजावर मावेल ऐसे छापयंत्र सुट्ट्या भागांनिशी होते. हे यंत्र कागद छापीत नाही, प्लास्टिकची तार वितळवोन थरावर थर देते आणि वस्तू घडविते. पहिली वस्तू कोणती घडवावी याची मसलत होऊन साबणाची तबकडी ठरली. केतकीबाईसाहेब बोलिल्या, "अरे, साबणाच्या तीन तबकड्या आहेत घरात." श्रीमंत बोलिले, "त्या विकतच्या आहेत." हे ऐकोन बाईसाहेब कणीक मळावयास निघोन गेल्या. मग श्रीमंतांनी पेटारा फोडिला, आणि आत एकशें बेचाळीस भाग आणि चौसष्ट पानी फर्मान निघाले, आणि ते फर्मान एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत ऐसे उतरविले होते कीं अकराव्या पानी स्पष्ट आज्ञा होती, 'गाड्यास प्रेमाने दाबा, तो आनंदी होईतो.' आणि प्रथम मोहीम आडव्या गाड्याची. दोन पोलादी दांडे समांतर बसवावे, त्यांवर बेअरिंगांचा गाडा चढवावा, एके टोकास मोटर आणि दुसऱ्या टोकास दातेरी कप्पी लावावी, आणि दोहोंमधून दातेरी पट्टा फिरवोन गाड्यास बांधावा, म्हणजे मोटर फिरेल आणि गाडा डावीकडोन उजवीकडे जाईल. श्रीमंतांनी गाडा पहिल्याने उलटा चढविला, मग सुलटा परंतु खालची बाजू वर करोन चढविला, आणि तिसऱ्याने बरोबर चढविला आणि मग पाहतात तो बेअरिंग एक पाटाखाली राहिलेले. ऐसे चार रविवार गेले. आत्यासाहेब येतां जातां पाहात आणि म्हणत, "निन्या, आधी सगळे स्क्रू ढिले ठेव, गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरव, आणि मग आवळ. मशीनचं असंच असतं." श्रीमंत म्हणत, "आत्या, हे शिलाई मशीन नाही." आणि त्या गेल्या कीं स्क्रू ढिले करीत आणि तसेच करीत. याचा बोभाटा कोठे केला नाही.

मग खंडेनवमी आली. या दिवशी राज्यातील सकळ हत्यारे पाटावर मांडोन पूजावी आणि दसरा होईतो त्यांस कामास लावू नये, ऐसा शिरस्ता. पाटावर विळी, पक्कड, केतकीबाईसाहेबांचा लॅपटॉप, आत्यासाहेबांची कात्री आणि त्यांची बुधली मांडिली, आणि मधोमध श्रीमंतांनी आडवा गाडा स्थापिला. यंत्राचे बाकी भाग अद्याप पेटाऱ्यात होते, परंतु श्रीमंतांनी शेजारच्या ठाण्यातील टिपणीसकाका, काकू आणि खालच्या मजल्यावरील सात असामींस बोलाविणे धाडिले होते कीं यंत्राचा सोहळा आहे, चहास यावे. पूजेपूर्वी आत्यासाहेबांनी दांड्यांवर दोन-दोन थेंब तेल सोडिले. श्रीमंतांनी ते पाहिले आणि हूं म्हटले. मग श्रीमंतांनी अक्षता हाती घेतल्या. आत्यासाहेब म्हणाल्या, "चार दाणे वाहा रे, लग्न नाहीये." परंतु नऊ असामी पाहात होते, आणि श्रीमंतांनी मूठ भरोन कुंकवाच्या अक्षता ऐशा उधळिल्या कीं काही विळीवर गेल्या, काही टिपणीसकाकांच्या चष्म्यावर गेल्या आणि काही गाड्यावर.

मग काका बोलिले, "चालवून तर दाखव." आत्यासाहेब बोलिल्या, "पूजेतलं हत्यार आज चालवायचं नसतं." श्रीमंत बोलिले, "आत्या, ते तलवारींचं. याला स्टेपर मोटर आहे." आणि कळ दाबिली. गाडा निघाला, एक वीत गेला, आणि टक् ऐसा आवाज होऊन उभा राहिला. पुन्हा निघाला, पुन्हा टक्. काकांनी धीर दिला, "पहिलीच वेळ आहे, लाजत असेल." सभेत हास्य जाहले. श्रीमंतांस काहीतरी बोलणे अवश्य जाहले, आणि तेव्हां त्यांचे मुखातोन शब्द निघाले ते ऐसे: "तेल कोणी घालायला सांगितलं होतं? नाजूक काम आहे हे. प्रत्येक गोष्टीत बुधली घेऊन का येतेस तू?" आत्यासाहेबांनी गाड्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "तेलाने घसरतं निन्या, अडत नाही. आणि एकाच जागी तर मुळीच अडत नाही." श्रीमंत म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." मग आत्यासाहेब उठल्या, पाटावरोन आपली बुधली उचलिली, तिजवरील हळदकुंकू पदराने पुसोन काढिले आणि आपल्या खोलीत निघोन गेल्या. पूजेतले हत्यार दसऱ्याआधी उचलिल्याचा हा राज्यातील पहिलाच प्रसंग. केतकीबाईसाहेबांनी चहा दिला, त्यात साखर होती, परंतु कोणास लागली नाही.

दुसरे दिवशी दसरा. दुपारी श्रीमंतांनी दार लावोन गाडा पुढे घेतला आणि दांड्यांवरील तेल पुसोन काढिले, आणि पुन्हा टक्. मग त्यांनी स्क्रू ढिले केले आणि गाडा या टोकापासोन त्या टोकापर्यंत हाताने फिरविला, जैसे सांगितले होते तैसे, आणि अडला त्या जागी वाकोन पाहिले. कप्पीच्या दोन दातांमध्ये, पट्ट्याखाली, एक तांबडा तांदूळ बसला होता. त्यास श्रीमंतांनी सुईने काढिले आणि तळहातावर घेतले. तांदूळ एक, कुंकू लागलेला, पट्ट्याच्या दातांची खूण अंगावर उमटलेली. चूक कोणाची यास दुसरा साक्षीदार नको होता. इतक्यात दारावर टकटक जाहली आणि केतकीबाईसाहेब विचारत्या जाहल्या, "काय रे, सापडलं का काही?" आणि त्या क्षणी इतक्या वर्षांची इंजिनिअरी, चौसष्ट पानी फर्मान आणि वडिलांचे पुण्य यांपैकी एकही उपयोगी न पडोन, श्रीमंतांनी तो तांदूळ तोंडात टाकिला आणि गिळिला. आणि म्हणाले, "काही नाही."

मग कळ दाबितांच गाडा लोण्यातोन सुरी जावी तैसा गेला आणि आला. परंतु श्रीमंतांस आनंद होईना. संध्याकाळी टिपणीसकाका आपट्याची पाने घेऊन आले, आणि गाडा पाहोन म्हणाले, "अरे वा! काय झालं होतं काल?" आत्यासाहेब शेजारीच मेथी निवडीत होत्या. श्रीमंत बोलिले, "तेलच, काका. पुसून काढलं." आत्यासाहेबांनी एक काडी बाजूस टाकिली आणि दुसरी घेतली. त्यांनी वर पाहिले असते, रागे भरल्या असत्या, तर बरे होते. त्यांनी मेथीच निवडिली. आणि श्रीमंतांस आपल्या पोटात तो एक तांदूळ ऐसा जाणवू लागला जैसा धोंडा.

मग सोने देण्याची वेळ आली. श्रीमंत पाने घेऊन आत्यासाहेबांपुढे वाकले, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे डोईवर हात ठेविला आणि म्हणाल्या, "सोन्यासारखा राहा." यावर श्रीमंतांस उठवेना. वाकल्या वाकल्याच, जमिनीकडे पाहात ते बोलिले, "आत्या, तेल नव्हतं."

"मग?"

"अक्षता होती. कप्पीत. मीच उधळलेली."

काका म्हणाले, "दाखव बघू, कुठेय?"

श्रीमंत म्हणाले, "खाल्ली."

सज्ज्यावर कबुतरे घुमत राहिली. केतकीबाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे मी दार वाजवलं तेव्हा?" श्रीमंतांनी मान हलविली. टिपणीसकाकांस हसू ऐसे फुटले कीं चष्मा पडला. आत्यासाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारिले, "कुंकवासकट?"

"हो."

"बरं केलंस. पूजेची अक्षता केरात टाकू नये." आणि त्या उठोन आत गेल्या. सर्वांस वाटले आता बुधली घेऊन येतील. त्या पेलाभर पाणी घेऊन आल्या, श्रीमंतांच्या हाती दिले आणि मेथी निवडावयास बसल्या. श्रीमंत ते पाणी उभ्याने प्याले, आणि आयुष्यात इतके अवघड पाणी ते कधी प्याले नव्हते.

पुढे यंत्राचे बाकी भाग जोडिले गेले आणि एक स्क्रू उरला. पौषात गाडा करकरू लागला. श्रीमंत आत्यासाहेबांच्या दारी गेले आणि म्हणाले, "आत्या, दोन थेंब." त्या बुधली घेऊन आल्या, दोन थेंब सोडिले, आणि बुधली परत घेऊन गेल्या. ऐसे दर पंधरवड्यास होऊ लागले. बुधली मेजावर ठेवोन जावी ऐसे श्रीमंतांच्या फार मनात येई, परंतु मागण्यास तोंड होईना. मग शके एकोणीसशें शेहेचाळीस लागले, संवत्सराचे नाव क्रोधी, आणि खंडेनवमी पुन्हा आली. श्रीमंत पाट मांडोन आत्यासाहेबांच्या दाराबाहेर येऊन उभे राहिले. आत्यासाहेबांनी खिडकीपाशी बसोन सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि मग फडताळातली बुधली काढोन त्यांच्या हाती दिली.

"घे," त्या म्हणाल्या. "पण अक्षता मी वाहीन."

एवंच गाडा चालतो, बुधली पाटावर आली, आणि साबणाची चौथी तबकडी छापोन जाहली, ती किंचित वाकडी असोन तीत सुया ठेविल्या जातात. तांदूळ एक, तो श्रीमंतांकडेच जमा. लेखनसीमा.