सोनामावशीची सनावळी

सोनामावशीला सन कळत नसत. कोण मुलगी कधी शहाणी झाली, एवढं कळे. धाड गावातल्या आमच्या गल्लीचा इतिहास तेवढ्यावर चाले. एकदा तलाठ्याने विचारलं, "ही विहीर कधी खोदली?"

"चौधऱ्याच्या शांतीले न्हाण आलं ना, त्याच्या आंधीच्या उन्हायात."

शेवटी तलाठ्याला शांतीबाईंचं वय विचारायला माणूस पाठवावा लागला. त्या तेव्हा चार नातवंडांच्या आजी होत्या.

मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मावशीच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची, त्यामुळे तिचं संशोधन मला बसल्या जागी मिळे. "चौधऱ्यायच्या घरचंच पाह्य. आजी सोळाव्या साली, लेक चौदाव्या, नात बाराव्या. पोरी काऊन लवकर मोठ्या होऊन राह्यल्या, सांग बरं बाई?" उत्तरही तीच देई: चहा, डब्यातलं तूप आणि मोटारीचे धक्के. पुढे एका पाहुण्या डॉक्टरांनी शाळेत हेच तासभर सांगितलं. धक्क्यांऐवजी ते 'सकस आहार' म्हणाले आणि हार घालून घेतला.

कोणाची मुलगी शहाणी झाली की मावशी घरोघर सांगून येई. कधीकधी मुलीच्या बापाच्या आधी शेजाऱ्यांना कळे. विटाळाला तर ती फार कडक. बाजूला बसलेल्या सुनेचा पदर दोरीवरच्या धोतराला लागला, तर धोतर पुन्हा धुवायला जाई.

तिची नात कुसुम माझ्या सातवीच्या वर्गात होती. परीक्षा आठ दिवसांवर आलेली. आणि तिच्या बापाचं, म्हणजे मावशीच्या मुलाचं, नामदेवचं, ठरलेलं होतं: पोरगी शहाणी झाली की शाळा बंद, पिंपळगाव राजा या गावचं स्थळ तयार आहे.

नेमकी त्याच आठवड्यात, भर वर्गात, कुसुम बाकावरून उठेना. मी तिला मागच्या गल्लीने घरी आणलं. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे मी धरूनच चालले होते.

मावशीने तिला आत घेतलं आणि बाहेर येऊन विचारलं, "कोनाले सांगतलं का, बाई?"

"नाही."

"सांगू नोको."

दुपारी नामदेव शेतातून आला. "हे आज घरी काऊन?"

"कच्चे बोरं खाल्ले. पोट दुखते." मग मावशीने आत हाक मारली, "कुसुम, पानी आन व, माय."

पोरगी तांब्या घेऊन दारातच थबकली. मावशीने हात पुढे करून तो घेतला, मुलाच्या देखत घटाघटा प्यायली, आणि म्हणाली, "तुह्या बापालेबी दे."

नामदेव पाणी पिऊन, जेवून शेताकडे गेला. मी हळूच विचारलं, "मावशी, तुमचं सोवळं?"

ती पदराने तांब्या पुसू लागली.

"मलेबी बारावंच होतं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. "चौथ्या दिवशी न्हाऊ घातलं, पाचव्या दिवशी सासरच्या गाडीत बसवलं. माय साखर वाटत होती गावभर. मी गाडीतून पाहून राह्यली होती."